सिरियल पोर्टला स्ट्रिंग कळत नाही! 8051 वर सी मधून मजकूर पाठवूया

नमस्कार मंडळी! प्रोग्रॅम बिनचूक कंपाइल झाला, चिपमध्ये उतरला आणि संगणकाच्या टर्मिनलवर, म्हणजे आलेला मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, आला नुसता कचरा. ज्यांना हा अनुभव आलाय, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ.

हा बघा, ब्रेडबोर्डवर 89एस52 हा मायक्रोकंट्रोलर आहे, 8051 च्याच घराण्यातला. अकरा नंबरची पिन टीएक्सडी, म्हणजे डेटा पाठवणारी. ती संगणकाला लावलेल्या यूएसबी-टीटीएल मॉड्यूलच्या आरएक्सला, म्हणजे डेटा घेणाऱ्या पिनला जोडली, ग्राउंडला ग्राउंड जोडलं. जोडणी एवढीच.

आता कोडला हात लावण्याआधी क्रिस्टल, म्हणजे चिपला ठेका देणारा भाग, बघा.

[कॅमेरा क्रिस्टलच्या अगदी जवळ]

त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात 11.0592 लिहिलंय. हा आकडा असा विचित्र का? 11.0592 मेगाहर्ट्झला 12 ने भागा, मग 32 ने भागा, 28,800 येतात. टीएच1, म्हणजे टायमरचा आकडा ठेवायची जागा, तिच्यात आपण 253 भरतो. टायमर 256 ला उलटतो, म्हणजे दर तीन मोजणीला. 28,800 भागिले 3, बरोब्बर 9,600. सेकंदाला इतके बिट, हाच आपल्याला हवा असलेला वेग. आता तिथे 12 मेगाहर्ट्झचा लावला तर? साधारण 10,417 येतात, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. एका अक्षराला स्टार्ट बिट, आठ डेटा बिट आणि स्टॉप बिट असे दहा बिट लागतात. शेवटच्या बिटापर्यंत पोचेस्तोवर चूक अर्ध्या बिटाच्या पलीकडे गेलेली असते आणि समोरचा भलतंच वाचतो. मी शिकत असताना दोन दिवस कोडच तपासत बसलो होतो. दोष क्रिस्टलचा होता. म्हणून कळकळीनं सांगतो, कचरा दिसला की आधी क्रिस्टल वाचा.

आता मुख्य गोष्ट. पोर्टला स्ट्रिंग, म्हणजे सलग अक्षरांचा मजकूर, हा प्रकार माहीतच नाही. त्याच्याकडे एसबफ नावाचं एकच रजिस्टर, म्हणजे चिपमधली छोटी जागा आहे आणि त्यात एका वेळी एकच बाइट मावतो. तो भरायचा, पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. बाइट गेला की हार्डवेअर टीआय फ्लॅग, म्हणजे 'काम झालं' सांगणारी एका बिटाची खूण, 1 करतं, पण परत 0 काही करत नाही. ते काम आपलं.

[स्क्रीनवर पाठवण्याचं फंक्शन]

एसबफमध्ये अक्षर ठेवलं. टीआय शून्य आहे तोवर व्हाइल लूपमध्ये थांबलो. मग टीआय शून्य केला. ही तिसरी ओळ विसरलात की पहिलं अक्षर धड जातं, पण त्यानंतर थांबणंच होत नाही आणि उरलेली अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात. 9,600 ला एक अक्षर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. आपल्याला तो काहीच वाटत नाही, पण तेवढ्यात ही चिप शेकडो सूचना उरकते.

आता स्ट्रिंग. पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता धरणारा व्हेरिएबल, पहिल्या अक्षरावर ठेवायचा, तिथे शून्य नसेल तर अक्षर पाठवायचं, पॉइंटर एकानं पुढे. शून्य आलं की थांबायचं. सी मध्ये स्ट्रिंग कुठे संपली हे सांगणारी खूण ती एकच, शेवटचा शून्य बाइट.

म्हणून हे नीट बघा. कॅरेक्टर ॲरे, म्हणजे अक्षरांची रांग, आकार 4, आत पी, यू, एन, ई. अक्षरं चार, जागा चार. सी ला हे चालतं, पण शेवटच्या शून्याला जागाच उरली नाही! आपलं लूप ॲरेच्या बाहेर जातं आणि मेमरीत कुठेतरी शून्य भेटेपर्यंत जे दिसेल ते पाठवत सुटतं. सी प्लस प्लसचा कंपायलर हीच ओळ नाकारतो, त्यामुळे आर्डुइनोवरून, म्हणजे सी प्लस प्लस वापरून आलेली मुलं इथे हमखास फसतात. उपाय म्हणजे चौकोनी कंस रिकामे ठेवा, कंपायलरला मोजू द्या.

आणखी एक. तो शून्य तारेवरून जात नाही, तो फक्त आपल्या लूपसाठी असतो. ओळ संपली हे समोरच्याला कळायला शेवटी कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत) आणि न्यूलाइन (एक ओळ खाली) दोन्ही पाठवा. नुसती न्यूलाइन दिली तर बऱ्याच टर्मिनलवर ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जातात.

आणि हे खास आपल्यासाठी: मराठी पाठवता येतं का? येतं, आणि फंक्शनमध्ये एक अक्षरही बदलावं लागत नाही. सोर्स फाइल यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या त्या पद्धतीत, सेव्ह करा, टर्मिनलही यूटीएफ-8 वर ठेवा. प, उकार, ण, मात्रा, अशा चार खुणा, प्रत्येकी तीन बाइट. या बारांत शून्य बाइट कुठेच नसतो, त्यामुळे लूप मध्येच थांबत नाही.

[टर्मिनलवर 'पुणे' उमटतं]

हे बघा, आलं! बारा बाइट, साडेबारा मिलिसेकंद.