कागदावरचं शेकरू

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवरून चित्र शिकवायचं म्हणजे दाखवायची सोयच नाही. म्हणून मी सांगणार आणि तुम्ही काढणार. एक कोरा कागद, साधी एचबी पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. शोधाशोध चालू असेल तर होऊ द्या, तोवर काय काढायचं ते बोलू.

आपण काढणार आहोत शेकरू, म्हणजे झाडावर राहणारी मोठी खार, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. मी ते पहिल्यांदा पाहिलं भीमाशंकरच्या जंगलात. मागच्या दोन पायांनी फांदी पकडून उलटं लोंबत होतं, पुढच्या पंजांत एक फळ होतं आणि फांदीच्या पलीकडे शेपटी सोडलेली होती. एका बाजूला अंग, दुसऱ्या बाजूला शेपटी, अगदी तराजूच्या दोन पारड्यांसारखं. पाठ तांबूस तपकिरी, पोट सायीच्या रंगाचं. शेपटी तर अंगाहूनही लांब! चित्र काढण्याआधी प्राणी असा नीट पाहावा. कार्टून काढायचं असलं तरी पाहावाच, कारण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता खरं शेकरू लांबोडं असतं, तोंडही पुढे आलेलं. मग ते गोंडस कसं करायचं? कॉन्राड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने 1943 मध्ये यावर लिहून ठेवलंय. मोठं डोकं, मोठं कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला असलेले टपोरे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय, असं काही दिसलं की आपल्याला माया वाटते. ही सगळी लक्षणं तान्ह्या बाळाची. जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ पाव भाग असतं. मोठ्या माणसात तेच प्रमाण सातव्या-आठव्या हिश्शावर येतं. म्हणजे गोंडसपणा सगळा मापात आहे. तो नुसत्या हसऱ्या तोंडाने येत नाही.

चला, पेन्सिल उचला. कागदाच्या मधोमध, जरासं वर, मोठ्या लिंबाएवढं वर्तुळ काढा. रेघ अगदी फिकट ठेवा, हात हलका. वर्तुळ वाकडं आलं तर खोडू नका, त्यावरूनच दोन-तीनदा हात फिरवा, गोलाई आपोआप सापडते. आता ते किंचित आडवं पसरट करा, बोटाने दाबलेल्या पेढ्यासारखं. हे झालं डोकं. त्याच्या बरोबर मध्यावर एक आडवी आणि एक उभी फिकट रेघ मारा.

डोळे या आडव्या रेघेच्या खाली काढायचे. इथे जरा थांबते, कारण सगळी गंमत इथेच आहे. माझी भाची नऊ वर्षांची आहे. तिने काढलेलं शेकरू माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, हे रागावलेलं का दिसतंय?" डोळे सुंदर होते, पण पार कपाळावर चढलेले. आम्ही दुसरं काही बदललं नाही. ते दोन डोळे खोडून बोटभर खाली आणले आणि एकमेकांपासून थोडे दूर केले. ती कागदाकडे बघतच राहिली. त्या शेकराचं वय एका मिनिटात कमी झालं होतं!

तर दोन डोळ्यांच्या मध्ये आणखी दीड डोळा मावेल एवढी जागा सोडा. डोळे उभट गोल काढून काळे भरा, पण दोन्हींत एकाच बाजूला वर एक पांढरा ठिपका कोरा ठेवा. तो ठिपका राहिला नाही तर डोळे निर्जीव दिसतात. मधोमध, जरा खाली, तांदळाच्या दाण्याएवढं नाक. तोंड त्याच्याही खाली, अगदी लहान.

गाल मात्र भरपूर फुगवा. पोकेमॉनमधलं पिकाचू हे कार्टूनपात्र ज्यांनी रेखाटलं त्या अत्सुको निशिदा यांना त्याचे गाल खारीवरूनच सुचले होते. वर दोन छोटे कान, टोकाला केसांचा बारीक झुपका.

धड डोक्यापेक्षा उंच होऊ देऊ नका. वर निमुळतं, खाली फुगीर, पेअरच्या फळासारखं. हातपाय आखूड, बोटं दोन-तीन रेघांत संपवा. अंगावर केस काढायचा मोह होतो, तो टाळा. अ‍ॅनिमेशनमध्ये पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटी ठेवलं तरी सेकंदाला 12 चित्रं काढावी लागतात. बारा वेळा काढता येईल तेवढंच एकदा काढावं.

शेपटी शेवटी. पाठीच्या तळापासून वर जाऊन टोकाशी बाहेर वळणारी रेघ, एका दमात. मग तिच्या दोन्ही बाजूंनी फुगवटा द्या. ती डोक्याएवढी रुंद झाली तरी चालेल.

हे जमलं की एक छोटी वही घ्या. शेवटच्या पानापासून सुरुवात करा, कोपऱ्यात शेकरू दबा धरून बसलेलं. त्याच्या वरच्या पानावर अंग ताणलेलं, पण शेपटी अजून खालीच. त्यापुढच्या पानावर अंग हवेत आणि शेपटी आत्ता कुठे उठायला लागलेली. अशी दहा-बारा पानं काढा. प्रत्येक पानावर शेपटी अंगाच्या एक पाऊल मागे ठेवा, कारण झुपकेदार वस्तू नेहमी उशिराच पोचते. आता वहीचा कोपरा अंगठ्याखाली धरा आणि पानं मागून पुढे भराभर सोडा.

पाहा, फांदी सुटली.

नमस्कार.