पट्टीतले सहाशे ग्रॅम

[दृश्य : सकाळ. सांगलीचं मार्केट यार्ड. हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या, हमालांची लगबग.]

फेब्रुवारी लागला की सांगलीच्या यार्डात शिरताना आधी नाकाला कळतं. राजापुरी हळकुंड, गड्डा, पॉलिश केलेला माल. थप्पीला नुसता हात टेकला तरी तळवा पिवळा होतो. सगळा माल आसपासचा नसतो. हिंगोली-वसमतचा येतो, निजामाबादकडचा येतो, कर्नाटकातूनही येतो. इथे सौदे निघतात आणि इथून हळद देशभर जाते.

याच यार्डात माझ्या मामांची पेढी आहे. अडतही, म्हणजे शेतकऱ्याचा माल त्याच्या वतीनं विकून देणं, आणि स्वतःची खरेदीही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इथे पोत्यांवर बसून आंबे खाल्लेत. दोन आवाज तेव्हापासून कानात आहेत : काट्याजवळ वजन पुकारणारा मापाडी, आणि आतल्या खोलीत खर्र खर्र करत पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात द्यायचा विक्रीचा हिशोब, छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर.

[दृश्य : जुना जाडजूड मॉनिटर. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.]

त्या प्रिंटरला हुकूम देणारा प्रोग्राम १९९४ चा. मिरजेच्या एका तरुणानं फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, डॉसवर चालणारा. माउसचं काम नाही. दिवाणजी खाते क्रमांक टाकायचे, पोती, वजन, भाव. एंटर, एंटर, एंटर, की पट्टी बाहेर. बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन वजा, हमाली वजा, तोलाई म्हणजे वजन करण्याची मजुरी वजा, आधी घेतलेली उचल व्याजासकट वजा. शेतकरी चहा पिऊन होईपर्यंत हिशोब हातात. मला हे आधी सांगायचंय, कारण जुन्याला नावं ठेवणं सोपं असतं : तो प्रोग्राम चांगला होता. तीस हंगाम त्यानं पेढी सांभाळली.

पण त्याच्या भोवतालचं जग सरकत गेलं. लिहिणारा तरुण परदेशी गेला, मूळ कोड त्याच्याबरोबर गेला. आमच्याकडे फक्त चालणारी फाइल उरली. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये फॉक्सप्रोचा शेवटचा आधारही काढून घेतला. आताच्या ६४ बिटांच्या विंडोजवर तो प्रोग्राम उघडतच नाही. म्हणून पेढीत एक एक्सपीवालं मशीन जपून ठेवलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात चढलं, तेव्हा मामांनी आधी ते मशीन चादरीत गुंडाळून माळ्यावर नेलं. तिजोरी नंतर.

[दृश्य : टेबलावर दोन संगणक शेजारी शेजारी. एक जुना, एक नवा.]

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. जुन्या प्रोग्रामला तो कर शिकवणार कोण? मग दुसरा संगणक आला. दिवसभर जुन्यावर पट्ट्या करायच्या आणि संध्याकाळी तीच बिलं दुसऱ्यावर पुन्हा हातानं टाकायची. २०१८ मध्ये माल वाहतुकीसाठीचं ई-वे बिल आलं, म्हणजे तिसऱ्यांदा टायपिंग. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं : प्रत्येक बिलाला सरकारी पोर्टलवरून येणारा चौसष्ट अक्षरी क्रमांक आणि एक क्यूआर कोड. डॉसमधून फक्त अक्षरं छापणाऱ्या आमच्या प्रोग्रामला तो चौकोन काही छापता येईना. एका रात्री अकरा वाजता ट्रक भरून उभा, ड्रायव्हर ताटकळलेला, आणि दिवाणजी चष्मा कपाळावर चढवून तेच बिल तिसऱ्यांदा टाकताहेत. त्या रात्री मामा म्हणाले, "बास झालं. बदलायचं."

आधी तयार पॅकेज आणून पाहिलं. त्यात खरेदी होती, विक्री होती, गोदाम होतं, उचल नव्हती. शेतकरी लग्नासाठी मे महिन्यात पैसे नेतो आणि पुढच्या मार्चला हळद घालून फेडतो, हे त्या पॅकेजला कुठल्याच खान्यात बसवता येईना. दुकानदाराच्या मापानं शिवलेला सदरा अडत्याला कसा होणार?

मग कोल्हापूरच्या दोन मुली आल्या. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्या. त्यांनी पहिले पंधरा दिवस एक ओळही लिहिली नाही. एक काट्यापाशी उभी, दुसरी दिवाणजींच्या शेजारी स्टुलावर. इथे हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीखाली माल साठवायचा. पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची. त्या दोघी जुन्या फाइल्सना तशाच सामोऱ्या गेल्या.

[दृश्य : पडद्यावर नोंदींच्या रांगा. एका ओळीसमोर तारा.]

आणि आत बरंच काही कोंडलेलं होतं. जुन्या फाइल्समधला माल नव्या प्रोग्रामात ओतला, तर बेरीज जुळेना. उचलीच्या खात्यात काही लाख रुपये जास्त. दोन दिवस सगळे हैराण. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला : फॉक्सप्रोमध्ये नोंद खोडली तरी ती लगेच पुसली जात नाही, तिच्यापुढे फक्त एक ताऱ्याची खूण लागते. तीस वर्षांत दिवाणजींनी खोडलेली प्रत्येक चुकीची नोंद आत तशीच पडून होती, आणि ओतताना सगळ्या पुन्हा जिवंत झाल्या होत्या.

मग नावं. संगणकावर मराठी हवी तर त्या काळी पुण्याच्या सी-डॅकचं वेगळं जिस्ट कार्ड लागायचं. पेढीनं ते घेतलं नव्हतं, म्हणून शेतकऱ्यांची नावं इंग्रजी लिपीत, आणि प्रत्येक हंगामात स्पेलिंग वेगळं. एकाच माणसाची चार खाती : कधी आडनाव आधी, कधी नाव आधी, कधी गाव चिकटवलेलं. उलट, एकाच नावाची दोन माणसं एका खात्यात. मशीनला हे कळण्याजोगं नव्हतं. दिवाणजी यादीवर पेन्सिल फिरवत सांगत गेले, "हा मळ्यातला. हा वेशीजवळचा. ह्याचा बाप वारला, आता थोरला येतो." अडीच हजार नावं. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. कितीतरी ओळींवर ते थांबायचे, आठवायचे आणि मगच खूण करायचे.

[दृश्य : मार्च २०२४. दोन पट्ट्या एकावर एक. कॅमेरा आकड्यांवर.]

मार्चमध्ये महिनाभर दोन्ही प्रोग्राम बरोबरीनं चालवले. प्रत्येक वकलाची, म्हणजे शेतकऱ्याच्या एकेका ढिगाची, पट्टी दोनदा. पहिल्याच दिवशी एका पट्टीत फरक आला. तेवीस पोती. भाव क्विंटलला साडेचौदा हजार. नवी पट्टी म्हणते १,९८,४४७ रुपये, जुनी म्हणते १,९८,३६०. फरक सत्त्याऐंशी रुपयांचा.

दिवाणजींना वाटलं, नवीन चुकतंय. त्यांनी कागदावर हिशोब मांडला. काट्यावरचं वजन १,३९१ किलो ६०० ग्रॅम. पोत्यामागे एक किलो बारदान, तेवीस किलो वजा. राहिले १,३६८ किलो ६०० ग्रॅम. नवी पट्टी बरोबर होती.

जुन्या प्रोग्रामात वजनाच्या रकान्याला दशांशाची जागाच नव्हती. १९९४ मध्ये ती लागतही नव्हती. मापाडी तेव्हा पूर्ण किलोच पुकारायचा. नंतर इलेक्ट्रॉनिक काटा आला, ग्रॅम दाखवू लागला. पण पडद्यावरचा रकाना टिंब घेईना, म्हणून पुढचे आकडे सोडून द्यायची सवय लागली. मग सवयीला नाव मिळालं. "कडता असतो तो, घटीपोटी वजनातून कापायचा," असं मलाही लहानपणी सांगितलं गेलं होतं. तो कडता नव्हता. एका रकान्याची ती रुंदी होती.

आणि ते पैसे गेले कुठे? खरेदीदाराकडे. ज्या वकलांचे खरेदीदार आम्हीच होतो, तिथे आमच्याकडे.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या मुलींना विचारलं, "मागचं काढता येईल? कुणाचं किती?"

त्यांनी शोधलं. निघालं नाही. जे कधी नोंदलंच नव्हतं, ते फाइलमध्ये असणार कुठून? पोती होती, किलो होते, भाव होता, तारीख होती, ग्रॅम नव्हते. कुणाचं देणं किती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला आजही याचं वाईट वाटतं, आणि मामांना माझ्याहून जास्त. त्या हंगामापासून त्यांनी पेढीवर येणाऱ्या प्रत्येकाची तोलाई स्वतःच्या खात्यातून द्यायला सुरुवात केली. कारण विचारलं तर सांगतात, लपवत नाहीत.

[दृश्य : पेढीचा ओटा. दुपार. आत नवा प्रिंटर, जवळजवळ आवाज नाही.]

आता पट्टी मराठीत निघते, नावासकट, गावासकट. एप्रिलमध्ये तासगावकडचे एक आजोबा आले होते. फेटा मांडीवर, पट्टी डोळ्यांजवळ. वजनाच्या रकान्याशी येऊन त्यांचं बोट टिंबावर थांबलं.

"दिवाणजी, हे काय नवीन?"

"ग्रॅम हायेत, अण्णा. तुमचेच."

आजोबांनी पट्टीची घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.