पाठीपर्यंत न पोहोचणारा हात

आदरणीय अध्यक्ष, वाचनालयाचे सर्व कार्यकर्ते आणि श्रोतेहो,

रोजच्या जगण्यातला आनंद या विषयावर बोलावे, आणि त्यातही स्वतःची काळजी व छोट्या सहली यांविषयी काही सांगावे, असे कार्यकर्त्यांनी मला सुचवले. मी तीस वर्षे शाळेत शिकवले आणि निवृत्तीनंतरची सहा वर्षे सासूबाईंच्या अंथरुणाशेजारी काढली. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि बोलणे अडखळत होते. आज मी जे सांगणार आहे, ते बहुतेक त्या सहा वर्षांत मला उमगलेले आहे.

सुरुवात मात्र त्याच्याही बरीच आधीपासून करते. माझे माहेर लातूरचे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई आम्हा भावंडांना एकेक करून पाटावर बसवायची, कोमट तेलाची वाटी हाताशी घ्यायची आणि टाळूपासून तळपायापर्यंत तेल जिरवायची. मग उटणे, मग कढत पाणी. वडिलांच्या पाठीला तेल लावायची तीच आणि आजीच्या गुडघ्यांना चोळायचीही तीच. आईचे स्वतःचे अभ्यंग कधी झाले, हे आमच्यापैकी कोणीही पाहिलेले नव्हते. आम्ही उठण्यापूर्वीच ती डोक्यावर चार तांबे ओतून, केसांचा आंबाडा घालून चुलीपाशी बसलेली असे. मी चाळिशीला आले तेव्हा तिला एकदा सहज विचारले, ‘आई, तुझ्या पाठीला तेल कोण लावायचं गं?’ ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘पाठीला आपला हात पोहोचतो होय?’

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षे मनात वागवले. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथात दिनचर्येचा जो अध्याय लिहिला, त्यात अभ्यंग रोज करावा, आणि डोके, कान व पाय या ठिकाणी तो विशेषेकरून करावा, असे सांगितले आहे. म्हातारपण, थकवा आणि वात यांवर त्याचा उपयोग होतो, असे तो म्हणतो. म्हणजे शरीराची निगा राखणे ही आपल्याकडे चैन कधीच मानलेली नव्हती. दात घासण्याइतकीच ती नित्याची बाब होती. पुण्यात बाजीराव रस्त्यावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथल्या दिव्यांसमोर आणि अडकित्त्यांसमोर लोक रेंगाळतात. मी मात्र दर वेळी वज्र्यांसमोर उभी राहते. टाचा घासायची ती साधी वस्तू, पण कोणा कारागिराने तिच्या मुठीवर पक्षी बसवला आहे, कुठे नक्षी काढली आहे. न्हाणीघरात, कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या कामासाठी, टाच घासण्याच्या दोन मिनिटांसाठी एवढा जीव ओतलेला पाहिला की मला फार बरे वाटते. ज्या घरात ती वज्री होती, तिथल्या बाईला आपल्या टाचांकडे पाहायला दोन मिनिटे तरी मिळत असतील, अशी आशा मी करते.

कारण अडचण तिथेच असते. स्वतःची काळजी घ्या, असे आज सगळेच सांगतात. लवकर उठा, चालायला जा, आवडीचे काहीतरी करा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ऐकणाऱ्या बाईच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो, की मी बाहेर गेले तर घरी कोण? सासूबाई आजारी पडल्यावर पहिली दोन वर्षे मी घराबाहेर पडले ती फक्त कामासाठी. औषधाचे दुकान, बँक, भाजी, पुन्हा औषधाचे दुकान. भाजी घेतानाही लक्ष घड्याळाकडे असे. माझी झोप तुटकी झाली, पाठ धरली आणि मी कारण नसताना चिडू लागले. एका सकाळी लापशी भरवताना सासूबाईंनी चमच्यावरून तोंड फिरवले आणि मी चमचा ताटलीत आपटला. आवाज मोठा झाला. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आले. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटावी असेच मला वाटते.

समोरच्या घरातल्या वहिनींनी तो आवाज ऐकला असावा. दुपारी त्या आल्या आणि विणकाम घेऊन पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, ‘तुम्ही पाय मोकळे करून या. मी सहापर्यंत इथेच आहे.’ मी विचारले, ‘काय आणायचंय?’ त्या म्हणाल्या, ‘काही आणायचं नाही. पिशवीसुद्धा घेऊ नका.’

पिशवी न घेता मी दोन वर्षांनी उंबरा ओलांडला. कुठे जावे ते सुचेना, म्हणून पर्वतीला गेले. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेले ते देवस्थान आम्हा पुणेकरांच्या इतक्या जवळ आहे, की आपण तिथे वर्षानुवर्षे जात नाही. एकशे तीन पायऱ्या, रुंद आणि बसक्या. चढताना पावलांचा हिशेब चुकतो आणि आपोआप गती मंदावते. मी निम्म्यावर दोनदा बसले. माझ्या पुढे एक आजोबा नातवाला पायऱ्या मोजायला लावत होते आणि तो पोरगा प्रत्येक वेळी चौपन्नानंतर छपन्न म्हणत होता. वर पोहोचल्यावर कठड्याला टेकून मी शहराकडे पाहिले. आमचे घर कुठल्या दिशेला ते शोधले. तेवढ्या मोठ्या पसाऱ्यात ते दिसणे शक्यच नव्हते, आणि ते दिसत नाही याचा मला एवढा आनंद झाला की मला रडू आले. वारा होता, कोणीतरी शेंगा सोलत होते, खाली सारसबागेच्या बाजूला दिवे लागत होते. मी तिथे जेमतेम वीस मिनिटे थांबले असेन.

सहाच्या आत घरी आले. सासूबाईंनी अडखळत विचारले, ‘का…य पाहिलंस?’ मी त्यांना त्या चौपन्न-छपन्नवाल्या पोराची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. तोंडाची एकच बाजू हलली, पण त्या हसल्या. दोन वर्षांत माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखे काहीच नव्हते, हे तेव्हा मला कळले. औषधाची वेळ झाली, कूस बदलू या, यापलीकडे आमच्यात बोलणेच उरले नव्हते. त्यानंतर दर गुरुवारी दुपारी वहिनी येत आणि मी जात असे.

अशा छोट्याशा बाहेर पडण्याने नेमके काय होते, हे मी पुढे वाचून पाहिले, कारण शिक्षिकेची सवय सुटत नाही. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. दुसरा अभ्यास इंग्लंडमधला, २०१९ सालचा, सुमारे वीस हजार लोकांच्या माहितीवर आधारलेला. आठवड्याला १२० मिनिटे किंवा त्याहून अधिक वेळ मोकळ्या निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे व आपण समाधानी आहोत, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण अधिक आढळले. हे दोन तास एका दमात काढले की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. निसर्गात गेल्यामुळेच ते सुखी झाले, एवढे त्यातून सिद्ध होत नाही. ज्यांची तब्येत मुळात बरी, तेच अधिक फिरत असतील, हीही शक्यता आहे. तरीही आठवड्याला दोन तास हे प्रमाण मला मोलाचे वाटते, कारण ते मागता येण्याजोगे आहे. शेजारणीकडे किंवा घरातल्या माणसाकडे आपण महिनाभराची रजा मागू शकत नाही. दोन तास मागू शकतो.

आता माझ्या मुलुखातली एक रीत सांगते, जी पुण्यामुंबईकडच्या अनेकांना ठाऊक नसते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या लातूर, धाराशिव, सोलापूरच्या भागात वेळ अमावास्या असते. आम्ही तिला येळवस म्हणतो. त्या दिवशी घरात कोणी जेवत नाही. सगळे गाव शेतात जाते. ज्वारी उभी असते, हरभरा कोवळा असतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतात, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि पूजा झाली की पंगत बसते. जेवणात भज्जी असते. ही भजी नव्हे, बरे का; हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे कोवळे दाणे, पालेभाज्या, गाजर, जे जे शेतात आहे ते सारे बेसनात आणि चिंचेच्या कोळात शिजवलेली घट्ट भाजी. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि आंबील. ज्वारीचे पीठ आणि ताक यांची ती आंबील मातीच्या बिंदगीत आदल्या दिवशीच घालून ठेवतात, आणि बिंदगी डोक्यावर घेऊन शेतापर्यंत नेतात. ज्यांना शेत नाही, त्यांनाही कोणीतरी बोलावतेच. आमचे स्वतःचे शेत नव्हते, पण घरी जेवलो अशी एकही येळवस मला आठवत नाही.

त्या दिवशी लातूरच्या बाजारपेठेत सकाळी अकरानंतर शुकशुकाट असतो. मला त्यातले मर्म हे वाटते, की दुकानदाराला दुकान बंद ठेवायचे धैर्य गोळा करावे लागत नाही, कारण शेजारचेही बंद असते. आई घर सोडून दिवसभर बोरीच्या झाडाखाली पाय पसरून बसली आहे, असे दृश्य मी वर्षातून त्याच एका दिवशी पाहत असे. सगळा गाव मिळून तिला तो दिवस काढून देत होता. कार्तिकातले आवळीभोजन, कोजागरीचे गच्चीवरचे दूध, श्रावणातली मंगळागौर, सासुरवाशिणीचे माहेरपण, या सगळ्यांत मला तीच युक्ती दिसते. मंगळागौरीला रात्रभर झिम्मा-फुगड्या खेळणारी सून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपली, तर तिला कोणी नाव ठेवत नसे. त्या प्रथांत जाच नव्हता, असे मी म्हणत नाही. विधवांना आणि लेकुरवाळ्या नसलेल्यांना बाजूला सारणाऱ्या हळदीकुंकवाचे मी कधीही समर्थन करणार नाही. परंतु विश्रांती ही एकट्या माणसाने मिळवायची गोष्ट आहे, असे त्या काळी कोणी मानले नव्हते, एवढे त्यातून घ्यावे.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात. राज्य परिवहनाच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. माझी आई आज अठ्ठ्याहत्तरच्या पुढे आहे. दर महिन्यातून एकदा ती लातूरहून औशाला जाते. अंतर वीसेक किलोमीटर. तिची लहानपणची मैत्रीण तिथे राहते. सकाळच्या गाडीने जाते, दोघी मिळून दुपारचा चहा घेतात, आणि संध्याकाळी परत येते. काय बोलता, असे विचारले तर म्हणते, ‘बोलायचं काय त्यात, बसतो.’ तिकिटाचे पैसे वाचले म्हणून ती जाते, असे नाही. पण पैसे लागत नाहीत म्हणून ‘कशाला जातेस’ असे म्हणायला कोणाला निमित्त उरलेले नाही.

एक गोष्ट मी गांभीर्याने सांगू इच्छिते. पर्वती चढून प्रत्येक दुःख उतरत नाही. झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला डॉक्टर हवा. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते आणि ती विनामूल्य आहे. हा क्रमांक आपल्यापैकी प्रत्येकाने लिहून घ्यावा, स्वतःसाठी नाही तर शेजारच्यासाठी.

सासूबाईंना मी शेवटच्या वर्षी एकदा बाहेर नेले. चाकांच्या खुर्चीतून, कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत. दीडशे पावलेसुद्धा नसतील. घुंगरांचा आवाज ऐकूनच त्यांनी मान वर केली. त्यांना पातळ पदार्थ गिळायला त्रास होई, म्हणून डॉक्टरांना विचारून ठेवले होते. चमच्याने अगदी थोडा रस दिला. आले-लिंबू घातलेला. त्यांनी डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि दुसरा चमचा मागितला. परत आल्यावर वहिनींना त्या स्वतः सांगू लागल्या, की आज काय पाहिले. ‘घुं…गरू’ हा शब्द त्यांना नीट उच्चारता आला, म्हणून त्यांनी तो तीनदा म्हटला. त्या रात्री मी त्यांच्या पाठीला तेल लावले, आणि वहिनींनी न सांगता माझ्या.

या वाचनालयाकडे माझी एक विनंती आहे आणि अध्यक्षांनी ती आधीच मान्य केली आहे. दाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवलेली आहे. डाव्या पानावर, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यांनी आपले नाव आणि सोयीचा वार लिहावा. उजव्या पानावर, ज्यांना आठवड्यातून दोन तास कोणाच्या घरी जाऊन नुसते बसता येईल, त्यांनी लिहावे. रुग्णाला उचलणे-बसवणे किंवा औषध देणे यांतले काहीही करायचे नाही. विणकाम न्यावे, पुस्तक न्यावे. उजव्या पानावरचे पहिले नाव माझे आहे आणि वार गुरुवार आहे.