राजीनाम्याआधी तासांची वही

नमस्कार श्रोतेहो. नोकरी सोडून घरूनच फ्रीलान्स काम करावं का, हा विषय हल्ली चार माणसं जमली की निघतोच आणि सल्ले देणारेही भरपूर भेटतात, म्हणून मी आज एकाच गोष्टीवर बोलणारे. तास लिहा. कुठलं काम केलं, त्याला किती वेळ लागला, रोजच्या रोज वहीत लिहा, आणि हे राजीनामा दिल्यावर नाही, आधीपासून.

का ते सांगते. आपण काय करतो, पगाराला कामाच्या तासांनी भागतो आणि म्हणतो चला, हा माझा रेट. आठवड्याचे 40 तास धरले तर वर्षाचे 2080 होतात, पण घरून काम करणाऱ्याला या सगळ्या तासांचे पैसे कोणी देत नाही. नवीन काम शोधायचं, कोटेशन पाठवायचं, मेल, बिल, मग बिलाच्या मागे लागायचं, हे सगळं बिनपैशांचं. त्यात आजारपण आणि सुट्ट्या, त्याही बिनपगारी. समजा 2080 पैकी 1000 तासांचेच पैसे मिळाले, तर नोकरीतल्या रेटच्या दुपटीहून जास्त रेट लावावा लागतो, तेव्हा कुठे जुन्या पगाराची बरोबरी होते. आता तुमचे हजार होतात की बाराशे, हे तुमची वहीच सांगेल.

माझी वहिनी लेआउटचं काम करते, म्हणजे रिपोर्ट, माहितीपुस्तकं यांची पानं लावून द्यायची. नोकरीत होती तेव्हाच ऑफिसची परवानगी घेऊन संध्याकाळी बाहेरची कामं घ्यायला लागली, आणि असंच एका कंपनीचं वार्षिक रिपोर्टचं काम आलं, ठरलेल्या रकमेत. पानं लागली, प्रूफ गेलं, आणि मग करेक्शन यायला लागली. एक आलं, दुसरं आलं, 'एवढंच छोटंसं' म्हणत म्हणत येतच राहिली, आणि वहिनी रात्री बारा-बारा वाजेपर्यंत बसायची. दादा म्हणाला, जाऊ दे, पहिलंच मोठं काम आहे, करून टाक. मीही म्हटलं, वहिनी, स्पष्ट नाही म्हणून सांग त्यांना. तिने दोघांचंही ऐकलं नाही. तिची एक रेघा मारलेली साधी वही होती, त्यात तारीख, कोणाचा मेल, काय बदल, किती वेळ असे चार रकाने, आणि ती रोज झोपायच्या आधी ते भरायची, कितीही दमली असली तरी.

मग एक दिवस तिने त्या कंपनीच्या साहेबांना फोन लावला, मी तिथेच बसले होते. आवाज चढवला नाही, तक्रार नाही, फक्त वही वाचून दाखवली. मंगळवारी हेडिंग निळी केली, दीड तास. गुरुवारी हेडिंग परत काळी, एक तास. शुक्रवारी परत निळी. पान 12 वरचा तक्ता काढला, दुसऱ्या दिवशी तोच तक्ता परत घातला, त्यामुळे पुढची सगळी पानं सरकली, तीन तास. समोरून बराच वेळ काही आवाजच नाही. मग ते म्हणाले, मॅडम, हे सगळं एकाच माणसाने सांगितलं का हो? तर नाही, मेल तिघांचे होते, तीन वेगवेगळ्या डिपार्टमेंटमधून, आणि तिघांना एकमेकांचं काही माहीतच नव्हतं. म्हणजे भांडण खरं त्यांच्या आपापसातलं आणि झिजत होती आमची वहिनी. त्या जादा तासांचे पैसे त्यांनी दिले, आणि पुढचं कामही तिलाच दिलं. तेव्हापासून तिच्या कोटेशनमध्ये काय काय असतं बघा. करेक्शन दोनदा, ती रकमेत धरलेली. तिसऱ्यापासून तासाप्रमाणे. करेक्शन एकाच माणसाकडून, सगळी एकत्र आणि लेखी. आणि निम्मे पैसे काम सुरू करायच्या आधी.

लेखी यावर मला बोलायचंच आहे. कामाच्या सूचना व्हॉइस मेसेजवर पाठवू नयेत असं माझं ठाम मत आहे, चार मिनिटांचा मेसेज परत परत ऐकून त्यातून दोन ओळींचं काम शोधायचं, हा दुसऱ्याच्या वेळेचा अपमान आहे. आणि तसाच दुसरा अपमान म्हणजे 'तू घरीच असतेस ना, मग जरा हे करून दे'. घरच्या लोकांनो, दार लावून बसलेला माणूस कामावर गेलाय असंच धरा, खरंच सांगते, यावरून किती जणांची चांगली चाललेली कामं बंद पडलीत. आणि खुर्ची चांगली घ्या, पलंगावर बसून लॅपटॉप नको, पाठ कामातून जाते.

बरं, वेळ कमी राहिलाय, बाकीचं भरभर सांगते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा नको, कारण काम मिळालं तरी पैसे हातात यायला उशीर होतो, बिलाला 30 दिवसांची मुदत असते आणि बरेचदा ती 45-60 दिवसांवर जाते. निम्म्याहून जास्त कमाई एकाच क्लायंटकडून नको, तो गेला की सगळंच बसतं. आलेल्या प्रत्येक पैशातला टॅक्सचा भाग लगेच वेगळ्या खात्यात टाका, तो आपला नाहीच असं समजून. सध्याच्या नोकरीचं अपॉइंटमेंट लेटर काढून वाचा, बाहेरचं काम चालतं का, आत्ताच्या क्लायंटला नंतर भेटता येतं का, ते त्यात लिहिलेलं असू शकतं. आणि आजारपणाचा विमा नोकरीत असतानाच स्वतःच्या नावाने काढून ठेवा, कंपनीचा विमा बहुतेक वेळा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना थांबायचा काळ असू शकतो, म्हणजे तेवढे दिवस त्या आजारांचा खर्च मिळत नाही, तो काळ पगार चालू असतानाच सुरू झालेला बरा. नमस्कार.