पहिलं विमान देखणं नको

(दृश्य: ज्वारी निघालेलं रान, सकाळचे साडेसहा. फोमचं पांढरं विमान हातातून सुटतं.)

पान हलत नाहीये. रिमोटवरचं विमान जोरात हाणलेल्या सायकलच्या वेगाने पुढे सरकतंय. रूप अगदीच साधं. धडाच्या वर पंख, बोथट नाक, मोटर मागे. दुकानात शेजारी सुखोई ठेवलेलं असेल तर याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पहिल्यांदा विकत घ्यायचं ते मात्र हेच.

(दृश्य: विमान समोरून.)

पंखांची टोकं किंचित वर उचललेली दिसतात, अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखी. हा डायहेड्रल. विमान डावीकडे कललं की त्याच बाजूला घसरायला लागतं. मग डाव्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते, तो उचलला जातो आणि विमान आपोआप सावरतं. गोंधळलात तर रिमोटची स्टिक सोडा, थोडी उंची असेल तर निभावतं. लढाऊ विमानाचं मॉडेल कललं की कललेलंच राहतं. ते सरळ करायचं काम तुमचं, आणि नेमकं तेच अजून जमत नसतं.

आता वजन. पंख 110 सेंटिमीटर लांब आणि 18 सेंटिमीटर रुंद, म्हणजे साधारण 20 चौरस डेसिमीटर. बॅटरीसकट वजन 700 ग्रॅम असेल तर एका चौरस डेसिमीटरवर 35 ग्रॅम भार आला. चाळिशीच्या आत असलेलं विमान सावकाश उडतं, सावकाश उतरतं. साठीच्या पुढे गेलेलं विमान वेग कमी होताच स्टॉल होतं, म्हणजे पंख हवा धरायचं सोडतो आणि नाक खाली जातं. खोक्यावर हा आकडा छापलेला नसतो. मोजपट्टी घेऊन स्वतः काढायचा.

40-50 सेंटिमीटरची छोटी विमानं स्वस्त असतात, आपटली तरी फारसं बिघडत नाही. पण झुळूक आली की ती तिच्याबरोबर जातात. मीटर-सव्वा मीटरचं विमान थोडा वारा सोसतं आणि लांबूनही कुठल्या बाजूला कललंय ते दिसतं.

मोटर मागे असली की नाकावर पडलेल्या विमानाचा प्रोपेलर वाचतो. याला दुसरी बाजूही आहे. मोटर पंखाच्या वर बसते, त्यामुळे थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, एकदम दिला की नाक खाली दबतं. शिवाय हातातून सोडताना पातं बोटांच्या जवळून जातं. विमान प्रोपेलरच्या पुढे पकडा आणि हात पूर्ण मोकळा झाल्यावरच थ्रॉटल वाढवा.

(दृश्य: टेबलावर मांडलेले सुटे भाग.)

रडर (शेपटीची उभी पट्टी, डावं-उजवं वळायला), एलिव्हेटर (शेपटीची आडवी पट्टी, नाक वर-खाली करायला) आणि थ्रॉटल असे तीन चॅनेल, म्हणजे रिमोटचे तीन हुकूम, शिकायला पुरतात. एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) धरून चार असले तरी बिघडत नाही, डायहेड्रल मात्र हवा. जायरो, म्हणजे विमान आपोआप सावरणारा सेन्सर, बसवलेलं विमान सोपं पडतं, पण जायरोची दिशा उलटी लागली असेल तर तोच विमान पाडतो. जमिनीवरच तपासा. जायरो चालू ठेवून उजवा पंख झटकन खाली करा, उजवा एलेरॉन खाली वळला पाहिजे. स्टिक उजवीकडे नेली की तोच एलेरॉन वर गेला पाहिजे.

स्वतः जुळवणार असाल तर भारतात सहज मिळणारा संच असा: 2212 आकाराची 1000 केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला 1000 फेरे) ब्रशलेस मोटर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट), 10 बाय 4.5 इंचांचा प्रोपेलर, 9 ग्रॅमचे सर्व्हो (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरी) आणि 3 सेलची, 11.1 व्होल्टची, 2200 एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. एवढ्यावर 700-800 ग्रॅमचं विमान आरामात चढतं. धड सनपॅक शीटचं किंवा फोमबोर्डचं, जोडायला ग्लू गन. थर्माकोलवर फेविक्विकसारखा गोंद लावू नका, थर्माकोल विरघळतो. तयार विमानांचा ईपीओ फोम त्या गोंदाने चिकटतो, आणि चेपलेलं नाक उकळत्या पाण्यात बुडवलं की बरंचसं पुन्हा फुगतं. घेण्याआधी सुटे पंख आणि प्रोपेलर मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर ते विमान दुकानातच राहू द्या.

(दृश्य: पंखाखाली दोन बोटं, विमान तोललेलं.)

पहिल्याच झेपेला विमान आपटतं त्यामागे बहुतेकदा तोल असतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांशाच्या दरम्यान बोटं टेकवा. आपल्या 18 सेंटिमीटरच्या पंखावर ती जागा साडेचार ते सहा सेंटिमीटर मागे येते. विमान आडवं राहायला हवं, किंवा नाक जरासं झुकलेलं चालेल. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा. नाक जड असलेलं विमान कंटाळवाणं उडतं. शेपूट जड असलेलं नाक वर काढतं, वेग घालवतं आणि कोसळतं, स्टिक कितीही हलवली तरी.

लिपो 1सी ने चार्ज करा, म्हणजे 2200 एमएएचसाठी 2.2 अँपिअर. बॅलन्स चार्जर (सगळे सेल सारखे भरणारा) वापरा, फरशीवर ठेवा, समोर बसा. पूर्ण भरल्यावर दर सेल 4.2 व्होल्ट, उतरल्यावर 3.5 च्या खाली नको. सुरुवातीला टायमर सहा मिनिटांचा लावा आणि उतरल्यावर मोजून वाढवा. आठवडाभर उडवणार नसाल तर 3.8 वर ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा जोडायची नाही. मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी आणि विमान दोन्ही ठेवू नका, फोमचा पंख वाकडा होतो.

रिमोट आधी चालू, बॅटरी नंतर. उतरल्यावर बॅटरी आधी काढायची. घरी प्रोपेलर काढून मोटर फिरवा आणि रिमोट बंद करून पाहा. मोटर थांबली नाही तर फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटर बंद करणारी सेटिंग) लावल्याशिवाय रानात जाऊ नका.

(दृश्य: विमान कॅमेऱ्याकडे येतंय.)

विमान तुमच्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. इथे सगळेच चुकतात. युक्ती एकच: जो पंख खाली झुकलाय, स्टिक त्या बाजूला न्या, जणू खालून टेकू देताय.

जागा निवडताना डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा उघडा. ड्रोन नियम 2021 प्रमाणे छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप प्रमाणपत्र (त्या बनावटीला सरकारी मान्यता) लागत नाही, पण हवाई क्षेत्राचे नियम लागू राहतात. नकाशावरच्या हिरव्या भागात 400 फूट उंचीपर्यंत, विमानतळाच्या परिघापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200. पुण्यात एका अंगाला लोहगाव विमानतळ, दुसऱ्या अंगाला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, तेव्हा नकाशा पाहूनच गाडी काढा.

घार घिरट्या घालत जवळ आली तर खाली उतरा. आणि शक्यतो शेजारी ऊस नको.

(दृश्य: उसाचा फड, विमान दिसत नाही.)

विमान उसात गेलंच तर थ्रॉटल ताबडतोब शून्यावर. अडकलेली मोटर फिरवत राहिलात तर ईएससी जळतो. रिमोट बंद करू नका. जिथे शेवटचं दिसलं त्या दिशेचं एखादं झाड हेरा, एकाला बांधावर उभं करून स्टिक डावी-उजवी हलवायला सांगा, दुसऱ्याने सरीतून आत जायचं. दर दहा पावलांनी थांबून कान द्यायचा. सर्व्होची बारीक किरकिर ऐकू येते.