साठीनंतर बाईकवरून लेह

मंडळी, या कार्यक्रमाची पाटी लागल्यापासून मला एकच विचारलं जातंय, ‘गाडी कुठली घेऊ?’ गाडीचं नंतर बघू. आधी सांगा, दिवस किती काढताय? आपल्याला आता रजेचा अर्ज टाकावा लागत नाही. तरी आपली माणसं पंचविशीतल्या पोरांचा आठवड्याचा कार्यक्रम जसाच्या तसा उचलतात आणि मनाली-लेह वाटेवरच्या सरचूच्या तंबूत, उंची बाधून, डोकं धरून बसतात.

लेहला रस्ते दोन, एक मनालीकडून, दुसरा श्रीनगरकडून. मनाली सुमारे 2,000 मीटरवर. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाला, रोहतांग खिंडीचा वळसा वाचला, आणि म्हणूनच घाई करणं सोपं झालं. पहिल्याच दिवशी जिस्पा गाव मागे टाकून पुढे जाता येतं. पण पुढे बारालाचा ला (‘ला’ म्हणजे खिंड) जवळजवळ 4,900 मीटर, आणि पलीकडचं सरचू, जिथे लोक झोपतात, तेही 4,200 च्या वर. शरीराला उसंत मिळते कुठे? श्रीनगरकडून चढ बेताबेताने येतो. झोजी ला 3,500 चा, पण रात्री कारगिलला उतरलात की पुन्हा 2,700. दुसऱ्या दिवशी 4,100 चा फोटू ला ओलांडून लेह, 3,500. म्हणून माझं म्हणणं, जाताना श्रीनगर, येताना मनाली. लेहला पोचल्यावर दोन दिवस गाडीला हात लावायचा नाही. शिवाय दरड कोसळली, बर्फ पडला तर थांबता यावं म्हणून चार दिवस मोकळे ठेवा. परतीचं तिकीट आधी काढलेला माणूस नको तिथे धाडस करतो.

आता जरा चारचौघांत न बोलण्याचा विषय. या वयात सारखं थांबावं लागतं, म्हणून पुरुष मंडळी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यात बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या, आणि उंचीच्या त्रासावर देतात ती डायमॉक्सची गोळीही त्याच गुणाची. कोरड्या हवेत हे अंगाशी येतं. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर डायमॉक्सआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घ्यायची नाही. थांबा की खुशाल, हिमालय कुठे पळून जात नाही!

गाडी. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील ती घ्या. फ्युएल इंजेक्शनची असली तर विरळ हवेत कमी कुरकुरते, जोर मात्र सगळ्यांचाच कमी होतो. रस्त्यावरून वाहणाऱ्या नाल्यांत पाय टेकावेच लागतात. ते नाले सकाळी लवकर ओलांडा. ऊन चढलं की बर्फ वितळून पाणी वाढतं.

गाडी आडवी होणारच, धरून चाला. दोनशे किलोचं धूड कंबरेतून वाकून उचलायला गेलात तर तिथेच सहल संपली. आधी इंजिन बंद, सामान खाली. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साईड स्टँड आधीच उघडून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे आडवी होते. गिअरमध्ये टाका, म्हणजे सरकणार नाही. मग सीटला पाठ लावून खाली बसा, एका हाताने हँडलची खालची मूठ, दुसऱ्याने मागची पट्टी धरा, आणि पायांच्या जोराने मागे मागे सरकत उभे राहा. हे घरच्या अंगणात, जुनी गादी अंथरून करून बघा. सोसायटीतली पोरं हसतील, हसू द्या.

आणि हो, लायसन्स काढून तारीख बघा. पंचावन्न ओलांडल्यावर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं. कित्येकांचं संपलेलं असतं.

घरच्यांना कसं पटवायचं, असं मागून कुणीतरी विचारलं. आमच्याकडे रोज संध्याकाळी फोन, एवढ्यावर तह झाला. पण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. मनालीच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी तेही लागत नाही, ते निघण्याआधीच घरी सांगून ठेवा. नाहीतर तुम्ही त्याच वाटेवरच्या पांगला मॅगी खात असाल आणि इकडे मुलगा पोलीस चौक्यांना फोन लावत बसेल.