कागदावर अठ्ठावन्न

(परभणी जिल्हा. कार्तिकातली पहाट. पांदीच्या तोंडाशी टेम्पो.)

साडेसहाला टेम्पो येतो. हॉर्न दोनदा वाजतो आणि बाया चढायला लागतात. भाकरीचं फडकं, पाण्याची बाटली, लुगड्यावरून नवऱ्याचा जुना फुल शर्ट. कापूस वेचणीचे दिवस आहेत. सगळ्यांत शेवटी चढते ती या टेम्पोतली थोरली. तिला वर ओढायला दोघी हात देतात.

तेवढ्यात समोरून एक पोरगा पळत येतो, घामानं निथळत. पोलीस भरतीचे १६०० मीटर. हा तिचा नातू. टेम्पोला वाट द्यायला तो कडेला सरतो, म्हातारी हात हलवते, आणि दोघं आपापल्या वाटेनं जातात.

सरकारी हिशेबात यातला कामाला गेलेला माणूस एकच. म्हातारी.

जो काम करतो किंवा काम शोधतो, तो श्रमशक्तीत. नातू पंचविशीचा. पळून झालं की मोटारसायकलवर परभणीला, अभ्यासिकेत. त्याला विचारलं, काय करतोस, तर म्हणतो, "तयारी करायलोय." आता ही तयारी कोणत्या रकान्यात घालायची? विद्यार्थी लिहिलं तर तो श्रमशक्तीच्या बाहेर. काम शोधतोय लिहिलं, तर बेकार. मराठवाड्यातल्या गावोगावच्या पारावर हा रकाना भरून वाहतोय.

देशाचे आकडे पाहा. १५ ते २९ वयातले, काम करणारे किंवा शोधणारे, २०१७-१८ मध्ये शंभरात ३८ होते. २०२३-२४ मध्ये ते ४६ वर गेले. म्हणजे पोरं घरात बसून नाहीत. पण या काम करणाऱ्या-शोधणाऱ्यांतले दहा टक्के हात हलवत परत येतात. सगळ्या वयांचा हाच दर तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

(शेत. कापसाच्या ओळी.)

शेतकऱ्याला विचारा, तो उलटं सांगेल. माणूसच मिळंना! गुढीपाडवा जवळ आला की सालगडी शोधायची धावपळ सुरू होते. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत साल ठरायचं, रोख आणि वर ज्वारी. आता सालगडी म्हणून राहायला तिशीच्या आतलं पोरगं तयार होत नाही. रक्कम वाढवली तरी नाही. शेतकरी त्याला आळस म्हणतो. मला तसं वाटत नाही. वाळूजला किंवा चाकणला ठेकेदाराकडं सात महिने काम केलं, तरी तो 'कंपनीत' असतो. लग्नाच्या बैठकीत 'कंपनीत आहे' म्हणता येतं. 'सालावर आहे' हे कोण म्हणेल?

मग शेतात उरतात त्या या टेम्पोतल्या बाया. आणि म्हातारी इथं टिकली, त्याला कारण आहे. कापूस किलोवर वेचतात. ती हळू वेचते, तिचं ओझं कमी भरतं, पैसे कमी मिळतात. मालकाचं त्यात काही जात नाही. सोयाबीनच्या काढणीला मात्र तिला कोणी बोलवत नाही. ते काम गुत्त्यानं चालतं. टोळी अख्खा एकर उचलते आणि पैसे सारखे वाटून घेते, तिथं एक जण मागं पडला की सगळ्यांचं नुकसान. कापसाच्या जागी सोयाबीन आलं आणि खुरपणीच्या जागी तणनाशक, तसे म्हातारीचे दिवस कमी झाले.

बीडकडं ऊसतोडीत तर हे गणित याहून क्रूर आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढता येईना, की पन्नाशीच्या आतच माणूस म्हातारा. मग तो गावी राहतो आणि हंगामभर नातवंडं सांभाळतो. त्या कामाचा दाम कोणी देत नाही.

(दुपार. बांधावर भाकरी सोडलेली.)

म्हातारीचं वय किती? आधार कार्ड म्हणतं, १ जानेवारी १९६७. जन्मतारीख माहीत नसली की १ जानेवारी टाकायची, ही रीत. म्हणजे अठ्ठावन्न. राज्य सरकारच्या बहुतेक नोकरांना या वयात निरोप देऊन घरी पाठवतात.

ती मात्र हिशेब दुष्काळापासून धरते. "बहात्तरच्या सालात मी खडी फोडली. लगीन होऊन दुसरं वरीस व्हतं."

दुष्काळी कामावर मजुरी मिळायची, खायला सुकडी मिळायची. त्या कामांतूनच पुढं महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला आणि २००५ मध्ये तसाच कायदा देशभर झाला. कागद खरा मानायचा, तर म्हातारीनं ती खडी पाचव्या वर्षी फोडली. लग्नानंतर.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये पासष्टीनंतर मिळतात. कागदावरची पासष्टी यायला अजून सात वर्षं. नातवाचं उलटं. खुल्या प्रवर्गाला पोलीस भरतीत वयाची अट २८ वर्षांची, त्याच्याकडं तीनच उरलीत. घरात दोघांचंही लक्ष वयावर असतं.

संध्याकाळी काट्यावर ओझं चढतं. म्हातारीचं अठरा किलो. सोबतच्या सुनेचं चाळीस. पैसे हातात आले की ती मोजत नाही, पदराच्या गाठीत बांधते. ते नातू मोजतो, घरी आल्यावर. अभ्यासिकेची महिन्याची फी बाजूला काढतो आणि उरलेले तिच्या डब्यात टाकतो.

मग तो तिचं बोट धरून रेशन दुकानात नेतो. खुरपं धरून धरून अंगठ्यावरच्या रेषा झिजल्यात. मशीन घेत नाही. दुकानदार म्हणतो, "मावशी, बोट पुसून पुन्हा लावा." ती शर्टाच्या बाहीला बोट पुसते.

तिसऱ्यांदा लागतं.

सकाळी साडेसहाला हॉर्न पुन्हा दोनदा वाजेल.